डोंगरातून रस्ता येतोय? मागणी वेळेत लिहा

मावळात नवा रस्ता येणार अशी बातमी फुटली की गावात दोन बाजू पडतात. एक म्हणते, रस्ता नकोच. दुसरी म्हणते, येऊ द्या, जमिनीला भाव येईल. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं पाहिजे. पण या वादात एक प्रश्न कोणी विचारत नाही आणि माझ्या मते तोच पुढे सगळ्यांत महागात पडतो. रस्ता आलाच, तर तो कसा असेल? कुठल्या ओढ्यावर मोरी, कुठे पूल, बोगद्याचं तोंड कुणाच्या शेताशेजारी, खोदून काढलेला डोंगर टाकणार कुठे, गुरं पलीकडे जाणार कुठून? हे सगळं सल्लागार कंपनीच्या संगणकावर ठरतं. तिथे आपल्या वाडीचा ओढा म्हणजे एक बारीक निळी रेघ असते आणि कधी कधी तीही नसते.

लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत किंवा मावळातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत राहणाऱ्या माणसाने अशा वेळी काय मागावं, कसं मागावं आणि कधी मागावं, ते इथे सांगतो.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण मिसिंग लिंकचं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, पण घाटात अडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत तो आणि जुना महामार्ग एकाच वाटेवर येतात. तिथली कोंडी आणि तिथल्या दरडी सगळ्यांना ठाऊक आहेत. जुलै २०१५ मध्ये अडोशीजवळ दरड चालत्या गाड्यांवर आली आणि माणसं दगावली. यावर उपाय म्हणून महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा नवा मार्ग आखला आणि २०१९ मध्ये काम सुरू केलं. त्यात दोन पूल आणि दोन बोगदे आहेत. मोठा बोगदा जवळपास ९ किलोमीटरचा असून तो लोणावळा तलावाच्या खालून, दीडशे मीटरहून अधिक खोलीवरून जातो. डोंगर वरून कापत नेण्यापेक्षा पोटातून जाणं बरं, हे इथे मान्य झालं. मुंबईतही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली या दोन्ही जोडरस्त्यांसाठी बोगद्यांचाच मार्ग धरला आहे.

पण ‘बोगदा आहे, म्हणजे जंगलाला धक्का नाही’ हे वाक्य कोणी सुनावणीत म्हटलं, तर तिथेच थांबवा. बोगद्याला तोंडं असतात, तोंडाशी सपाटीकरण असतं, तिथपर्यंत यंत्रं नेणारे कच्चे रस्ते असतात आणि बाहेर पडणारा खडक असतो. हिशेब करून पाहा. २० मीटर रुंद, १० मीटर उंच, वर कमान असलेला बोगदा धरा. एक किलोमीटर खणला की घट्ट खडकाचे सुमारे दीड लाख घनमीटर निघतात. फुटलेला खडक फुगतो, म्हणजे ते दोन लाखांच्या वर जातं. एका डंपरमध्ये १० घनमीटर मावले, तर एका नळीच्या एका किलोमीटरसाठी वीस हजारांहून जास्त खेपा होतात. नळ्या दोन असतात. हा सगळा माल कुठल्या रस्त्याने, कुठल्या वेळेत आणि कुठल्या गटनंबरात जाणार, याचं उत्तर काम सुरू होण्याआधी कागदावर असायला हवं. ते नसेल तर माल सगळ्यांत जवळच्या घळीत जातो. कुरवंड्याच्या बाजूने उगम पावलेली इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते. वरच्या घळीत पडलेली भुकटी पहिल्या मोठ्या पावसात तिच्यात उतरते.

आता वेळेविषयी. रस्त्याच्या आयुष्यात आपलं ऐकलं जाण्याचे टप्पे मोजकेच असतात. पहिला टप्पा आखणीचा. तेव्हा दोन-तीन पर्यायी मार्ग नकाशावर असतात आणि ‘इथून नकोच’ हे म्हणायची खरी वेळ तीच. पुण्यात बालभारती ते पौड फाटा रस्त्यावरून लॉ कॉलेज टेकडी आणि वेताळ टेकडीसाठी नागरिक वर्षानुवर्षं झगडत आहेत. तिथला मूळ प्रश्न आखणीचाच आहे. दुसरा टप्पा सविस्तर प्रकल्प अहवालाचा, म्हणजे डीपीआरचा. मोऱ्या, पूल, भिंती, भुयारी मार्ग यांची संख्या आणि मापं तिथे ठरतात. तिसरा टप्पा मंजुऱ्यांचा. त्यानंतर निविदा निघते आणि दार जवळजवळ बंद होतं. निविदेत नसलेली मोरी नंतर मागितली, तर ती ‘जादा काम’ होते आणि जादा कामाला पैसे नसतात. कार्यकारी अभियंता मनाने कितीही चांगला असला तरी त्याचे हात तिथे बांधलेले असतात. म्हणून माझा आग्रह एकच आहे: मागणी डीपीआरच्या वेळी करा आणि ती निविदेच्या कागदांत उतरली का, ते स्वतः पाहा.

मावळाला सध्या ही संधी वर्तुळाकार रस्त्यामुळे आहे. पुण्याच्या रिंग रोडचा पश्चिम भाग आपल्याच तालुक्यात उर्से इथे सुरू होतो आणि मुळशी, हवेली ओलांडून भोरकडे जातो. रुंदी ११० मीटर. काही टप्प्यांवरची आखणी आता हलणार नाही. पण मोऱ्या, ओलांडण्याच्या जागा, माती टाकण्याच्या जागा, सेवा रस्ते यांवर अजूनही लिहिता येतं आणि लिहायला हवं.

सगळ्यांत जास्त लक्ष पाण्यावर द्या. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या घरात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: मोऱ्यांची मापं काढताना पाऊस कुठल्या केंद्राचा धरला आणि किती वर्षांतून एकदा येणारा पूर धरला? लोणावळ्याच्या डोंगरातल्या मोरीला पुण्याचा पाऊस लावला असेल, तर ती पहिल्याच जुलैत तुंबेल आणि वरच्या भाताची खाचरं बुडतील.

दुसरी गोष्ट खडकाची. आपला सह्याद्री बसाल्टच्या थरांचा आहे. थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर, मातकट पट्टा असतो. पाऊस भेगांतून खाली मुरतो, अशा पट्ट्यावर अडतो आणि आडवा सरकत डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर येतो. रस्त्यासाठी तिथेच डोंगर कापला, तर झरा कापलेल्या भिंतीतून रस्त्यावर येतो आणि खालच्या वाडीचं पाणी आटतं. वर भिंत आतून भिजत राहते आणि एके दिवशी सुटते. म्हणून कापणीच्या प्रत्येक जागी भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल मागा. उताराला टप्पे, माथ्यावर पाणी वळवणारी चर, भिंतीत पाणी काढणाऱ्या नळ्या यांची मापं मागा. नुसती जाळी ठोकून भागणार नाही. जाळी सुटे दगड अडवते, आतून सुटलेला उतार अडवत नाही.

बोगदाही पाणी ओढतो. ऑस्लोजवळ ओस्टमार्का हे जंगल आहे, शहरातले लोक तिथे फिरायला जातात. त्याखालून रोमेरिक्सपोर्टेन हा रेल्वेचा बोगदा खणताना १९९०च्या दशकात इतकी गळती झाली की वरच्या पूट्येर्न तळ्याची पातळी उतरली आणि भेगा बुजवण्याचं मोठं काम पुढे करावं लागलं. नॉर्वेसारख्या बोगद्यांत मुरलेल्या देशात हे घडलं. म्हणून बोगदा जाणार असेल तिथे दोन्ही बाजूंच्या विहिरी, झरे आणि कूपनलिका यांची किमान एक वर्षाची नोंद आधी मागा: दर महिन्याची पातळी, मेमधली पातळी, पाण्याचा रंग. ही नोंद महामंडळाकडून मागा आणि गावानेही स्वतंत्र ठेवा. तारीख, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर आणि फोटो पुरेत. पुढे विहीर आटली आणि आधीची नोंद नसली, तर ‘यंदा पाऊसच कमी होता’ हे उत्तर ठरलेलं आहे.

ओढ्यांच्या बाबतीत एक सवय आढळते. जवळजवळचे दोन ओढे चर काढून एकाच मोरीकडे वळवतात. कागदावर पैसे वाचतात. जमिनीवर एका ओढ्याखालची शेतं कोरडी पडतात आणि दुसऱ्याखालची वाहून जातात. ‘प्रत्येक ओढ्याला त्याच्या जागी त्याची मोरी’ हे वाक्य अर्जात जसंच्या तसं लिहा. मोरीच्या खालच्या तोंडाशी पाण्याचा जोर मोडणारी दगडी पिचिंगही मागा.

जनावरांसाठी काय मागता येतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ ओलांडण्याच्या जागा बांधल्या आहेत, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांबीच्या. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघासह १८ जातींचे प्राणी पुलाखालून ये-जा करताना टिपले गेले. समृद्धी महामार्गावर तर आपल्याच रस्ते विकास महामंडळाने प्राण्यांसाठी वरचे आणि खालचे मार्ग बांधले आहेत. त्यामुळे ‘हे परदेशात होतं’ असं उत्तर चालू देऊ नका. भारतीय वन्यजीव संस्थेची २०१६ची मार्गदर्शिका रेषीय प्रकल्पांसाठीच आहे. अर्जात तिचं नाव घ्या. मावळात वाघ नाही. पण बिबट्या, भेकर, साळिंदर, रानडुक्कर आहे आणि झाडावरून खाली न उतरता फिरणारं शेकरूही आहे. शेकरूसाठी पुलाखालची मोकळी जागा उपयोगाची नाही. त्याला दोन्ही बाजूंच्या फांद्या जुळलेल्या लागतात किंवा त्यासाठी बांधलेला झुलता दुवा लागतो. मोठ्या मोरीत पाण्याच्या वर एक कोरडी कड ठेवली, तर लहान जनावरं पावसाळ्यातही तिथून जातात. ही कड बांधायला फारसं काही लागत नाही, फक्त ती नकाशात असावी लागते.

माणसांच्या वाटांवर आपण आश्चर्य वाटावं इतकं कमी बोलतो. ठाकर आणि कातकरी वाड्यांच्या पायवाटा, गुरांच्या पाणंदी, एकवीरेला जाणाऱ्यांच्या वाटा यातल्या बऱ्याच कुठल्याच सरकारी नकाशावर नाहीत. त्या काढून देणं आपलंच काम आहे. भुयारी मार्ग मागताना उंची लिहा. पेंढ्याने भरलेली ट्रॉली जाईल इतकी उंची आणि आत पाणी साचणार नाही असा उतार. ‘भुयारी मार्ग द्यावा’ एवढंच लिहिलं, तर दुचाकी जेमतेम जाईल असा पाइप मिळू शकतो.

आणि कच्चे रस्ते. यंत्रं नेण्यासाठी जंगलाच्या कडेने केलेला तात्पुरता रस्ता काम संपल्यावर तसाच राहतो. मग त्याच्या टोकाला प्लॉटचे फलक लागतात, मग बंगले, मग बोअर. लोणावळ्याच्या आजूबाजूला हिरवा डोंगर महामार्गापेक्षा अशा फाट्यांनी जास्त खाल्ला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून प्रत्येक तात्पुरत्या रस्त्याची यादी, तो बंद करण्याची तारीख आणि माती परत टाकून स्थानिक झाडं लावण्याची अट कंत्राटात मागा. जंगलाच्या टप्प्यात नवा चढ-उतार नको, ही मागणीही याच कारणाने करा.

आता कागद. नकाशा मिळवणं ही पहिली पायरी. वनजमीन जात असेल तर प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर असतो आणि त्यातल्या जागेच्या फायली मोबाइलवरच्या नकाशात उघडता येतात. उरलेलं माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. तो फार कमी लोक वापरतात. नकाशा हातात आला की जून-जुलैत, भर पावसात, आखणी चालून पाहा. एप्रिलमध्ये कोरडी दिसणारी घळ जुलैत किती रुंद वाहते, याचा फोटो कुठल्याही भाषणापेक्षा जड असतो.

प्रत्येक मागणीला साखळी क्रमांक द्या. अभियंता रस्ता गावांच्या नावांनी ओळखत नाही, किलोमीटर आणि मीटरनी ओळखतो. एक नमुना देतो. आकडे अर्थातच तुमच्या नकाशातून घ्या:

‘साखळी क्र. ४/२०० ते ४/६५० या टप्प्यात नकाशात एक मोरी दाखवली आहे. प्रत्यक्षात ४/२६० आणि ४/५९० इथे दोन स्वतंत्र ओढे आहेत. सोबत जुलैमधले फोटो व गाव नकाशाची प्रत. दोन्ही ठिकाणी स्वतंत्र मोरी द्यावी. मापं लोणावळ्याच्या पर्जन्यमानावर काढावीत व ती गणना आम्हाला द्यावी. ४/५९० इथल्या मोरीत पाण्याच्या पातळीच्या वर कोरडी कड ठेवावी. ही सूचना म्हणजे प्रकल्पाला किंवा भूसंपादनाला संमती नव्हे.’

शेवटचं वाक्य विसरू नका. रचनेबद्दल बोललो की विरोध सोडला असं समजलं जाईल, या भीतीने बरेच लोक गप्प बसतात. या एका ओळीने ती अडचण सुटते. आणि एका अर्जात तीस मागण्या घालू नका. वैयक्तिक मोबदल्याचा अर्ज वेगळा, रचनेचा वेगळा. दोन्ही एकत्र आले की फाइल भूसंपादनाच्या टेबलावर जाते आणि मोरीचा विषय तिथेच मरतो.

अर्ज महामंडळाच्या कार्यकारी अभियंत्याला द्या, प्रती जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक, पीएमआरडीए आणि नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीला. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या. ग्रामसभेचा ठराव असेल तर त्यात मागणीचे शब्द पूर्ण लिहून घ्या. ‘रस्त्याबाबत चर्चा झाली’ एवढ्या ठरावाने काही साधत नाही. नगरपरिषदेनेही स्वतःची लेखी मागणी पाठवली पाहिजे. शहर म्हणून बोललेलं वजनदार असतं. सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पुलाकडे जाणारा जुना उन्नत रस्ता प्रेसिडिओ या उद्यानातून जात होता. तो पाडून नवा बांधायची वेळ आली, तेव्हा मायकेल पेंटर या लँडस्केप आर्किटेक्टने मांडलेली उद्यानात मिसळणाऱ्या रस्त्याची कल्पना लोकांनी आणि शहराने लावून धरली. २०१५ मध्ये वाहतूक नव्या रस्त्यावर आली आणि त्यातल्या बोगद्यांच्या माथ्यावर २०२२ मध्ये बाग खुली झाली. दोन दशकांहून जास्त काळ ती मागणी टिकली, कारण ती रेखाटलेली आणि लिहिलेली होती.

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत असेल आणि जनसुनावणी ठरली, तर २००६च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळावा लागतो. सुनावणीला गणसंख्येची अट नाही. पाच माणसं आली तरी ती झाली असंच धरलं जातं. म्हणून जा. बोला, पण लेखीही द्या, आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात तेव्हा आपला मुद्दा आला का ते ऐका. नसेल तर तिथेच हात वर करा. नगरपरिषदेच्या हद्दीत झाडं तोडायची असतील, तर १९७५च्या कायद्याप्रमाणे झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. तेव्हा झाडाचं वय कोणी आणि कसं काढलं, हे विचारा. पर्यावरण मंजुरीविरुद्ध दाद मागायची तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

मावळाला या विषयाची एक जखम आहे. पिंपरी-चिंचवडला पवना धरणातून बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. शहराच्या गरजेसाठी आखलेलं काम आणि ज्यांच्या रानातून ते जायचं ती माणसं यांच्यात वेळेवर, कागदावर बोलणं व्हावं, असं मला वाटतं, त्याच्या मागे तो दिवसही आहे. अधिकाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. साखळी क्रमांकासह आलेल्या सूचनेला ‘नोंद घेतली’ असं उत्तर पाठवू नये. मान्य की अमान्य आणि अमान्य असेल तर का, हे कळवावं. अर्जदारानेही हेच उत्तर मागावं. तीस दिवसांत आलं नाही तर त्या सूचनेवरची टिप्पणी माहिती अधिकारात काढावी.

रस्ता सुरू झाल्यावरही काम राहतं. कंत्राटदारावर दोषदायित्वाची काही वर्षं असतात, त्या काळात झालेलं नुकसान त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. हा कालावधी किती आहे ते करारनाम्यात पाहून ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, गावातल्या चार-पाच जणांनी सगळा टप्पा चालून काढावा: कुठल्या मोरीच्या तोंडाशी जमीन खचली, कुठल्या भिंतीतून पाणी झिरपतं, कुठल्या घळीत डबर पडून आहे, कुठला तात्पुरता रस्ता अजून उघडा आहे, लावलेल्या झाडांपैकी किती जगली. साखळी क्रमांक, फोटो, तारीख यांसह ही यादी नोव्हेंबरच्या आत कार्यकारी अभियंत्याकडे पोच घेऊन द्या, म्हणजे दुरुस्ती पुढच्या जूनच्या आधी उरकता येते.